रांगलं नाही तर चालेल का?

लसीच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर थोडा वेळ बसलं की हा प्रश्न हमखास कानावर येतो. “आमचा रांगलाच नाही हो, एकदम धरून उभा राहायला लागला. चालेल ना?” शेजारची सांगते, “नणंदेची अकराव्या महिन्यात चालली. हिला तेरावा सरला, अजून दिवाणाची कड सोडत नाही.” मग आजी मध्ये पडते: रांगल्याशिवाय कंबर घट्ट होत नाही. कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं की न रांगलेली मुलं पुढे अभ्यासात मागे पडतात.

रांगण्याचं उत्तर या प्रकरणात देऊच, पण माझा रोख थोडा वेगळा आहे. मूल कोणती गोष्ट कितव्या महिन्यात करू लागलं, हे घरातले सगळे लक्षात ठेवतात. ते सध्या कशाच्या नादी लागलंय, हे फारसं कुणी टिपत नाही. माझ्या मते ही दुसरी नोंद जास्त बोलकी असते.

१. तक्त्यातली तारीख आली कुठून?

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरणं, मग पालथं पडणं, मग बसणं, असे तक्ते आपल्याला पाठ असतात. त्यांची सुरुवात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात झाली. आर्नोल्ड गेझेल या डॉक्टरांनी १९२० आणि १९३०च्या दशकांत लहान मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं, त्यांच्या हालचालींच्या चित्रफिती घेतल्या आणि कोणत्या वयाचं मूल साधारणपणे काय करतं ते मांडलं. आपल्याकडे बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी हे काम केलं. त्यातून उभ्या राहिलेल्या चाचणीत जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतचे हालचालींचे ६७ आणि समज-बुद्धीचे १६३ टप्पे आहेत, आणि देशातले बालविकासतज्ज्ञ ती आजही वापरतात.

तक्त्याची गोम अशी की त्यात बहुधा मधला आकडा छापलेला असतो. समजा, एका सोसायटीतली पाच मुलं अनुक्रमे १०, ११, १२, १४ आणि १५ व्या महिन्यात चालू लागली. मधला आकडा १२. तक्त्यात लिहिलं जातं: ‘बाराव्या महिन्यात चालतं.’ लगेच शेवटच्या दोघांचे आई-वडील धास्तावतात. खरं तर पाचही मुलं ठणठणीत आहेत. मधला आकडा काढला की काही मुलं त्याच्या अलीकडे पडणार आणि काही पलीकडे, त्याला इलाज नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं तारखेऐवजी मुदत शोधली. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये तिनं सहा टप्प्यांचे कालावधी जाहीर केले. भारतातली मुलं दिल्लीतली होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. धरून उभं राहणं ४.८ ते ११.४. हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. धरून चालणं ५.९ ते १३.७. एकट्यानं उभं राहणं ६.९ ते १६.९. आणि एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिने. जवळजवळ सगळी निरोगी मुलं या मर्यादांच्या आत बसतात. चालण्याची मुदत चांगली नऊ महिन्यांहून मोठी आहे, हे पाहून पुष्कळांना नवल वाटतं.

आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, पण आठ तारखेला आभाळ कोरडं दिसलं म्हणून कुणी कपाळाला हात लावत नाही. पाऊस आठवडाभर अलीकडे-पलीकडे होणार हे त्यानं धरलेलंच असतं. जुलै अर्धा कोरडा गेला तर मात्र तो नुसता वर बघत बसत नाही, हालचाल करतो. बाळाच्या बाबतीतही मुदतीच्या आतला उशीर आणि मुदत उलटून गेलेला उशीर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराकडे शेवटी येऊ.

आता रांगणं. या ८१६ मुलांपैकी ४.३ टक्के, म्हणजे सुमारे ३५ मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कुणी पोटावर सरपटतं, कुणी बूड घासत पुढे सरकतं, कुणी थेट उभं राहतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा रांगणं तिच्यातून काढूनच टाकलं. त्याच वेळी यादीतलं वयही बदललं: निम्म्या मुलांना जमतं ते वय देण्याऐवजी निदान ७५ टक्के मुलांना जमतं ते वय छापलं, म्हणजे उगाच घाबरणारे कमी होतील आणि खरोखर मागे पडलेलं मूल नजरेत येईल. तेव्हा बाकावरच्या त्या आईला उत्तर: चालेल. बाळ दोन्ही हात आणि दोन्ही पाय सारखे वापरत असेल, बसत असेल, उभं राहत असेल, तर रांगलं नाही याची खंत नको.

२. पाण्यातली पावलं

चार दिवसांच्या बाळाला काखेत धरून उभं केलं आणि तळवे गादीला टेकवले, तर ते चक्क पावलं टाकल्यासारखे पाय उचलतं. दोनेक महिन्यांत हे थांबतं. खरं चालणं येतं ते वर्षाच्या आसपास. मधल्या काळात ती पावलं जातात कुठे?

पूर्वीचं उत्तर असं होतं की जन्मताच असलेल्या या आपोआप होणाऱ्या हालचाली वाढता मेंदू दाबून टाकतो. एस्थर थेलन या अमेरिकन संशोधिकेला ते पटेना. ज्या बाळांची पावलं ‘गेली’ होती, तीच उताणी पडून पाय झाडताना हुबेहूब तशी हालचाल करत होती. मग मेंदूनं दाबलं काय? थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिनाभराच्या बाळांना पाण्यात पाय बुडतील असं धरलं, तर पावलं वाढली. पायांना छोटी वजनं बांधली, तर कमी झाली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगानं उत्तर साधं करून टाकलं: पहिल्या महिन्यांत बाळाच्या मांड्या झपाट्यानं गुबगुबीत होतात आणि स्नायूंना ते वजन उचलवत नाही. पाण्यात वजन हलकं झालं की पावलं परत दिसतात.

यातून कळतं ते असं की चालणं ही मेंदूत एका दिवशी लागणारी कळ नाही. मज्जातंतू, स्नायूंची ताकद, शरीराचं वजन, तोल, पायाखालची जमीन आणि पलीकडे जाऊन काहीतरी हस्तगत करण्याची इच्छा, हे सगळं जमून यावं लागतं. एक जरी मागे राहिलं तरी बाकीचं थांबून राहतं. गोंडस, जाडजूड बाळ थोडं उशिरा चालतं आणि दिवसभर कडेवर राहणाऱ्या बाळाला सराव कमी मिळतो, ते यामुळेच.

घरातल्या सवयींचा हात यात किती, याचे दाखले जगभर आहेत. केनियातल्या किप्सिगिस लोकांत बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. चार्ल्स सुपर यांनी १९७०च्या दशकात पाहिलं, तर तिथली मुलं या दोन गोष्टी अमेरिकन मुलांच्या आधी करत होती. रांगायला मात्र कुणी शिकवत नव्हतं आणि रांगण्यात ती पुढे नव्हती. उलट ताजिकिस्तानात बाळांना गहवारा नावाच्या पाळण्यात दिवसाचे कितीतरी तास बांधून ठेवण्याची रीत आहे. ती मुलं चालायला उशीर लावतात आणि चार-पाच वर्षांची होईपर्यंत इतरांसारखीच पळतात. आपल्या तेल-मालिशीच्या आणि पायांच्या घड्या घालण्याच्या पद्धतीकडे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी ठेवून बघावं. त्यातला जोर कमी असावा, एवढंच मी म्हणेन.

झोपताना बाळ उताणंच असावं, ते सुरक्षित. पण जागेपणी, कुणी जवळ असताना, त्याला सतरंजीवर पालथं घालावं. मान, खांदे आणि दंड तिथेच तयार होतात. आत बसवायचा गोल वॉकर घेऊ नये. त्यात मूल लवकर चालतं हा गैरसमज आहे आणि जिन्यावरून कोसळण्याचे अपघात त्यानं इतके झाले की कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा: त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं.

३. सध्या कशाचा नाद आहे?

चार्ल्स डार्विन यांचा पहिला मुलगा १८३९च्या डिसेंबरात जन्मला आणि बापानं वही घेतली. त्या नोंदींवरचा लेख त्यांनी थेट १८७७ मध्ये छापला. बाळ ४५ व्या दिवशी हसलं, असं त्यात आहे. पण तारखांपेक्षा मौज आहे ती बाळाला कशाची भीती वाटली, कशाचं कुतूहल वाटलं, राग कसा आला, याच्या नोंदींत. बरोबर वर्षाचा असताना त्यानं खाण्यासाठी ‘मम्’ हा स्वतःचा शब्द काढला, असंही डार्विन लिहितात. मराठी घरात हे वाचून कुणालाही हसू येईल.

अशी वही आपणही ठेवली, तर पहिलं पान बहुधा पंख्याचं निघेल. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बऱ्यापैकी दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. पुढच्या आठवड्यांत नजर लांब पोचू लागते, आणि तिला सगळ्यात आधी खेचतात त्या ठळक कडा, गडद-फिकट रंगांचा विरोध आणि हालचाल. पांढऱ्या छतावरची फिरणारी गडद पाती या तिन्ही अटी पुऱ्या करतात. पंख्याकडे बघून बाळ हसतं तेव्हा त्याला कुणी दिसत वगैरे नसतं. त्याचे डोळे कामाला लागलेले असतात.

दोन-तीन महिन्यांनी ते आपल्याच मुठीकडे टक लावून बघू लागतं. हा आपला हात आहे आणि हलवला की हलतो, हा शोध लहान नाही. चार-पाच महिन्यांत ते वस्तूकडे हात नेऊन ती धरतं आणि तोंडात घालतं, कारण या वयात वस्तू पारखायला बोटांइतकंच तोंडही कामाला येतं. सहाव्याच्या आसपास खुळखुळा या हातातून त्या हातात जातो. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी यांची चिमटी जमते, आणि मग बाळाला जमिनीवरचा केस, मुंगी, पोळीचा कण यांपलीकडे जगात काही दिसत नाही. आदल्या आठवड्यात झाडू मारूनही न दिसलेला कचरा ते बरोबर शोधतं. याच वयात घरातला शेंगदाणा, फुटाणा, मणी आणि खेळण्यातला चपटा बटण सेल धोक्याचा होतो. बटण सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकतो. लगेच मोठं रुग्णालय गाठावं. आणि अगदी याच चिमटीच्या वयात आपण बोरन्हाण करतो! बाळाभोवती बोरं, हलवा, रेवड्या सांडतात आणि मोठी माणसं फोटो काढण्यात गुंग असतात. चुरमुरे टाका, हौस पुरवा, पण घशात अडकेल ते ताटातून आधीच काढून ठेवा.

चमचा खाली टाकण्याचा खेळही याच सुमारास सुरू होतो. तुम्ही उचलून देता, ते टाकतं. पुन्हा देता, पुन्हा टाकतं. घरच्यांना ही खोडी वाटते. पण पकडणं बाळाला जन्मापासून येतं. तळहातात बोट ठेवलं की मूठ आपोआप मिटते. हवं तेव्हा मूठ उघडणं फार नंतर येतं. चमचा टाकणारं बाळ ही नवी विद्या घटवत असतं, आणि टाकलेला चमचा गेला कुठे, हे वाकून बघत असतं.

त्या वाकून बघण्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांवर केलेली निरीक्षणं प्रसिद्ध आहेत. त्यांतलं एक घरी करून बघण्याजोगं आहे. सहा महिन्यांच्या बाळासमोर त्याचं आवडतं खेळणं रुमालाखाली झाका. बहुतेक वेळा ते शोधायची खटपटच करत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात तेच बाळ रुमाल ओढून काढतं. आता दोन रुमाल घ्या. खेळणं दोन-तीन वेळा डावीकडच्या रुमालाखाली झाका, त्याला शोधू द्या, मग त्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडच्याखाली झाका. मजा अशी की ते पुन्हा डावा रुमालच उचलतं! वर्षाच्या पुढे ही चूक हळूहळू जाते. दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच, ही जाण बाळाला पियाजेंना वाटलं त्याच्या आधीच असते, असं रेने बायार्जों यांनी १९८५ पासूनच्या प्रयोगांत दाखवलं. मात्र ती जाण हातांपर्यंत पोचायला वेळ लागतो.

ही समज पक्की होत जाते तसं पदराआडून ‘भोऽऽ’ करण्याच्या खेळाला खरा रंग चढतो. आणि त्याची दुसरी बाजूही याच महिन्यांत दिसते: आई न्हाणीघरात गेली की आकांत, गावाहून आलेल्या आत्यानं घेतलं की भोकाड. आत्यानं मनाला लावून घेऊ नये. ओळखीचं आणि अनोळखी वेगळं पडू लागल्याचं ते लक्षण आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बोट दाखवण्याचा नाद. नऊ ते चौदा महिन्यांच्या दरम्यान बाळ तर्जनी रोखू लागतं. आधी बहुधा ‘ते दे’ म्हणून, फळीवरच्या डब्याकडे. मग एक दिवस ते चंद्राकडे, कावळ्याकडे, रस्त्यावरच्या बसकडे बोट दाखवतं आणि लगेच वळून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. त्याला बस नको असते. तुम्हीही ती पाहिलीत ना, एवढंच हवं असतं. बोलण्याची खरी तयारी इथून सुरू होते, कारण दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असताना उच्चारलेला शब्द त्या गोष्टीला चिकटतो.

४. पलंगाची कड

चालणं आलं म्हणजे संपलं, असं नाही. न्यू यॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली: मोकळं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. रांगण्यात पटाईत झालेलं मूल चालण्याच्या भानगडीत का पडतं, याचंही उत्तर त्यांना मिळालं. नव्यानं चालणारं मूल रांगणाऱ्यापेक्षा जास्त पडत नाही, पण तेवढ्याच वेळात जास्त लांब जातं.

त्यांचं दुसरं निरीक्षण घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. उतार किंवा कड ओळखून थांबायला शिकलेलं रांगतं मूल चालू लागलं की तो धडा विसरतं आणि त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकतं. प्रत्येक नव्या ढबीत तोल नव्यानं शिकावा लागतो. पलंगाच्या कडेला शहाणपणानं थांबणारं बाळ पहिलं पाऊल टाकू लागलं की जिन्याची फळी पुन्हा लावा.

५. त आणि ट

१९८४ मध्ये कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ ऐकवला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना हा फरक सहसा कळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या बाळांना तो कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत कळणारी फार थोडी उरली. हिंदी घरातल्या त्या वयाच्या बाळांना मात्र तो कळतच होता. म्हणजे पहिला शब्द फुटण्याआधीच बाळाचा कान घरच्या भाषेला बसलेला असतो.

आणि कान बसतो तो माणसाशी. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवलं. समोर माणूस बसून खेळत बोलला, तेव्हा बाळं शिकली. तेच बोलणं चित्रफितीवर दाखवलं, तेव्हा नाही. परदेशातल्या मराठी आई-बापांनी गाण्यांचे व्हिडिओ लावण्यापेक्षा बाळाला न्हाऊ-माखू घालताना स्वतः मराठीत बोलावं. दोन भाषांमुळे बोलणं रखडतं ही भीतीही सोडावी. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरावेत: ‘पाणी’, ‘बॉल’, ‘आजी’, ‘डॉग’ हे चार झाले, दोन-दोन नव्हे.

६. आधी आलेलं बाळ

पूर्ण दिवसांचं बाळ ४० आठवड्यांचं धरतात. तुमचं ३२ व्या आठवड्यात जन्मलं असेल, तर ते आठ आठवडे, म्हणजे साधारण दोन महिने आधी आलं. आज ते आठ महिन्यांचं असेल, तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा करा. दोन वर्षांपर्यंत असं वजा करतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

७. वाट पाहू नये तेव्हा

“आमच्या घरात सगळे उशिराच बोलतात” या वाक्यानं पुष्कळ मुलांचं वर्ष वाया गेलं आहे. पुढच्या गोष्टी दिसल्या तर थांबू नये. तीन महिन्यांत ओळखीचं हसू नाही किंवा मोठ्या आवाजाला दाद नाही. पाच महिन्यांतही मान धरलेली नाही. नऊ-दहा महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही. वर्षाच्या आत एकच हात वापरतं आणि दुसरा मुठीत वळलेला राहतो; घरचे कौतुकानं ‘डावखुरं आहे’ म्हणतात, पण इतक्या लवकर हाताची निवड व्हायला नको. वर्षाचं झालं तरी ‘बाबाबा, दादादा’ नाही, टाटा नाही, नावानं हाक मारल्यावर वळणं नाही. दीड वर्षात चालणं नाही, अर्थाचा एकही शब्द नाही, बोट दाखवणं नाही. आणि आधी येत असलेली गोष्ट, बोलणं असो वा हसणं, नाहीशी झाली, तर वय कोणतंही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

बोलत नसलेल्या मुलाची सगळ्यात आधी कानाची तपासणी करावी. दाराच्या आवाजाला वळतं म्हणजे सगळं ऐकू येतं, असं नसतं. डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर घरातल्या खेळण्याचं छोटं चित्रण न्यावं, कारण दवाखान्यात मूल हटकून आईला चिकटून बसतं.

सरकारी सोयही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि गरज असेल त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला विचारलं की पथक कधी येणार ते कळतं. केंद्रातले थेरपिस्ट मुलाबरोबर फार तर तासभर असतात. आठवड्याचे उरलेले सगळे तास ते घरात असतं. म्हणून ते व्यायाम आई-वडिलांनाच शिकवतात: कपडे घालताना कोणता हात आधी धरायचा, खेळणं कुठल्या बाजूला ठेवायचं, भरवताना मुलाच्या डोळ्यांसमोर कसं बसायचं.